वाढते हाड आणि धावणारी पावले



सोलापुरात पहाटे साडेपाचच्या सुमारास होटगी रस्त्याने गेलात, तर अंधारात आधी पावलांचा आवाज ऐकू येतो आणि मागाहून मुले दिसू लागतात. ही बहुतेक भरतीची तयारी करणारी मुले. पोलीस भरती असो की सैन्यभरती, मुलांना सोळाशे मीटर धावावे लागते आणि सेकंदा-सेकंदावर गुण अवलंबून असतात. थोरला भाऊ धावायला निघाला की धाकटाही चपला काढून त्याच्यामागे निघतो. त्यामुळे या घोळक्यात अकरा-बारा वर्षांची पोरेही हल्ली दिसतात.

अशाच एका धाकट्याची आणि माझी गेल्या हिवाळ्यात ओळख झाली. वय तेरा, इयत्ता आठवी, वडील यंत्रमागावर कामाला. भावाबरोबर तो रोज दहा किलोमीटर धावत असे, तेही डांबरी रस्त्यावर, आठवड्याचे सातही दिवस. त्या दिवशी तो रस्त्याकडेच्या दगडावर गुडघा धरून बसला होता. वाटीच्या किंचित खाली सुपारीएवढा उंचवटा आला होता आणि तिथे बोट लावले तरी तो कळवळत होता. त्याला सांगण्यात आले होते की, "दुखतंय म्हणजे हाड घट्ट होतंय. आत्तापासून दहा किलोमीटर केलेस तर अठराव्या वर्षी तुला कोणी गाठू शकणार नाही." मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो हे कळल्यावर त्याने मला विचारले, "सर, हे खरं आहे का?"

मी डॉक्टर नाही. म्हणून पहिले काम केले ते त्याला अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठविण्याचे. परंतु त्याच्या प्रश्नाचा मोठा भाग खरोखरच भौतिकशास्त्राचा आहे. तो आपण सोडवून पाहू या.

पावले मोजू या

मुलाचे वजन ३६ किलो होते. ताशी दहा किलोमीटर वेगाने धावताना तो मिनिटाला साधारण १७५ पावले टाकतो असे मी घड्याळ लावून मोजले. म्हणजे दहा किलोमीटरला, अर्थात एका तासात, १७५ × ६० = १०,५०० पावले. एका पायाच्या वाट्याला ५,२५०. मोठ्या माणसाचे पाऊल लांब पडते, म्हणून तेवढ्याच अंतराला त्याला पावले कमी लागतात. अंतर तेच असले तरी लहान मुलाच्या पायाला काम जास्त पडते, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही.

चालताना एक ना एक पाय सतत जमिनीवर असतो. धावताना मात्र प्रत्येक पावलागणिक शरीर क्षणभर हवेत असते आणि मग एका पायावर येते. त्या वेळी जमीन पायावर जे प्रतिक्रियाबल लावते, ते शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट असते. अडीच पट धरू. म्हणजे दर पावलाला ९० किलो वजनाएवढे बल, आणि तेही एका पायावर, सेकंदाच्या चौथ्या भागाहूनही कमी वेळात.

येथे ९० ला ५,२५० ने गुणून 'एका तासात पावणेपाच लाख किलो!' असा आकडा काढण्याचा मोह कोणालाही होईल. वर्तमानपत्रात तो शोभूनही दिसेल. पण त्या गुणाकाराला अर्थ नाही. हाडाला बेरीज येत नाही. त्याच्या दृष्टीने दोनच गोष्टी महत्त्वाच्या असतात: एका वेळचा भार किती आणि तो किती वेळा आला.

हे दुसरे, 'किती वेळा', फार महत्त्वाचे आहे. एखादी तार एकदा वाकविली तर तुटत नाही. तीच पुन्हापुन्हा वाकवीत राहिलात, तर बोटांच्या जोरानेच तिचे दोन तुकडे होतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन अभियंता वोलर याने आगगाडीच्या आसांवर हेच पाहिले. एरवी सहज पेलणाऱ्या भाराखाली तो पोलादी आस लाखो फेऱ्यांनंतर अवचित मोडे. पूर्वी मोठ्या स्थानकांवर गाडी थांबली की एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर ठोके मारीत जाई आणि आवाजावरून भेग ओळखी, ते याच भीतीने. धातूच्या या दोषाला 'थकवा' असेच नाव आहे.

हाडही थकते. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने नव्या शिपायांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन लिहून ठेवले. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर उलगडा झाला की, नुसत्या कवायतीने आणि चालण्याने त्यांच्या पावलांच्या हाडांना बारीक भेगा पडत होत्या. म्हणजे भरतीचा आणि हाडाच्या थकव्याचा संबंध फार जुना आहे!

आस आणि हाड यांत मात्र एक मोठा फरक आहे. आसाची भेग आपोआप बुजत नाही, हाडाची बुजते. भेग पडलेला भाग आधी काही पेशी पोखरून काढतात, मग दुसऱ्या पेशी तेथे नवे हाड भरतात. पोखरण्याचे काम दोन-तीन आठवड्यांत होते, भरण्याला मात्र तीन महिनेही लागतात. या मधल्या काळात ती जागा आधीपेक्षा नाजूक असते. रस्ता खोदून ठेवला आहे आणि वाहतूक चालूच आहे, असे समजा. एकदम अंतर वाढविणाऱ्या धावपटूचे दुखणे पहिल्या दिवशी सुरू न होता महिनाभराने का उद्भवते, याचे उत्तर बहुधा येथे मिळते.

तेरा ते पंधराच्या मधले वय

आता त्या मुलाच्या वयाकडे वळू. समजा त्याची उंची १४० सेंटीमीटरवरून १५४ झाली, म्हणजे दहा टक्के वाढली, आणि शरीराची ठेवण तीच राहिली. लांबी १.१ पट झाली. हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ १.१ × १.१ = १.२१ पट झाले. वजन मात्र घनफळाच्या प्रमाणात म्हणजे १.३३ पट झाले; ३६ किलोचा मुलगा ४८ किलोचा झाला. भार १.३३ पट आणि तो पेलणारे क्षेत्र १.२१ पट, म्हणून हाडाच्या दर चौरस सेंटीमीटरवर येणारा भार दहा टक्क्यांनी वाढला. गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात मोठ्या प्राण्यांची हाडे जाड का असावी लागतात याची चर्चा केली आहे, तीच ही गोष्ट.

प्रत्यक्षात परिस्थिती याहून थोडी बिकट असते. उंची झपाट्याने वाढते तेव्हा हाड आधी लांब होते, आणि त्यात कॅल्शियमचे क्षार भरण्याचा वेग त्यानंतर सुमारे सहा महिने ते वर्षभराने शिगेला पोहोचतो. घराच्या भिंती उभ्या राहिल्या, पण गिलावा अजून ओला आहे, अशी ही अवस्था. मुलींमध्ये उंचीची ही उसळी सरासरीने बाराव्या वर्षाच्या आसपास येते, मुलांमध्ये तेरा-चौदाव्या वर्षी. खेळताना पडून मनगटाजवळचे हाड मोडण्याचे प्रमाणही याच सुमारास सर्वांत जास्त असते.

हाड लांब होते ते मधून ताणले जाऊन नव्हे. त्याच्या टोकांजवळ कूर्चेच्या पट्ट्या असतात आणि वाढ तेथे होते. कान चाचपून पाहा, कूर्चा म्हणजे काय ते कळेल. या पट्ट्या पक्क्या हाडापेक्षा दुबळ्या असतात. मांडीचा पुढचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून खाली येतो आणि कंडरेने नडगीच्या वरच्या भागाला बांधलेला असतो. वाढत्या मुलात ती बांधणीची जागाच अशा कूर्चेवर असते. दर पावलाला स्नायू तो खुंटा उपटायला पाहतो. शिवाय हाड वेगाने लांब झाल्यामुळे स्नायू आधीच ताठलेला असतो. अमेरिकेतील ऑसगुड आणि स्वित्झर्लंडमधील श्लाटर या दोन डॉक्टरांनी १९०३ साली स्वतंत्रपणे या विकाराचे वर्णन केले. त्या दोघांच्याच नावाने तो आज ओळखला जातो. आपल्या मुलाला तोच झाला होता. हाड घट्ट होत नव्हते, खुंटा हलत होता. बहुतेक मुलांत वाढ पुरी झाली की हा त्रास थांबतो, परंतु तोवर भार कमी करावा लागतो.

आणखी एक गणित पाहा. धावताना पाय लंबकासारखा पुढेमागे झुलतो. तो झुलवायला किती कठीण, हे त्याच्या जडत्वाघूर्णावर, म्हणजे वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग यावर ठरते. वरच्याच उदाहरणात ते १.३३ × १.२१ = १.६१ पट होते. स्नायूचे बल त्याच्या छेदाइतके, १.२१ पट वाढते आणि तरफेची भुजा १.१ पट, म्हणून फिरविण्याची ताकद १.३३ पट होते. काम १.६१ पट, ताकद १.३३ पट! उंच होऊ लागलेला मुलगा काही महिने धडपडतो, त्याच्या हातून पेला पडतो, शर्यतीतली वेळही कधी कधी वाढते. घरचे म्हणतात, 'लक्ष नाही याचे.' दोष लक्षाचा नसून बराचसा जडत्वाघूर्णाचा असतो. स्नायू भरले की तो फरक भरून निघतो.

मग धावायचेच नाही?

तसे मुळीच नाही. भार न पडलेले हाड दुबळे होते. अंतराळवीरांची हाडे काही महिन्यांतच विरळ होतात हे तुम्ही वाचले असेल. हाडाला भार हवाच. प्रश्न मात्रेचा आहे.

या मात्रेविषयी रुबिन आणि लॅन्यन या संशोधकांनी १९८४ साली एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. एका पक्ष्याच्या पंखातील हाडावर त्यांनी यंत्राने रोज ठरावीक वेळा भार दिला. रोज नुसते चार वेळा भार दिला तरी हाडाची झीज थांबली. छत्तीस वेळा दिल्यावर हाड स्पष्टपणे भरू लागले. पुढे ३६० वेळा, १,८०० वेळा देऊन पाहिले, तेव्हा छत्तीसच्या तुलनेत जास्तीचा काहीही लाभ झाला नाही! पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत असेही दिसले की, एकसारख्या भाराला हाडातील पेशी थोड्या वेळातच बधिर होतात आणि काही तास विश्रांती मिळाली की पुन्हा जाग्या होतात. पक्षी आणि माणूस एक नव्हेत, हे खरे. तरीही उड्या मारणाऱ्या, अचानक थांबून वळणाऱ्या खेळांतील मुलांची हाडे नुसत्या सरळ धावणाऱ्या मुलांपेक्षा अधिक भरीव असतात, असे माणसांतील निरीक्षणांतूनही वारंवार दिसले आहे.

म्हणजे आपल्या मित्राच्या डाव्या पायाने रोज टाकलेल्या ५,२५० पावलांपैकी हाड बळकट करायला पहिली काही डझन पावले पुरेशी होती. उरलेली पावले दम वाढवायला उपयोगी पडली असतील, पण हाडाच्या खात्यात ती फक्त खर्चाच्या बाजूला मांडली गेली.

आता आपल्या मैदानावरचा खो-खो आठवा. दिशा बदलणे, झेप घेणे, खांबाला वळसा घालणे, आणि मध्ये खाली बसून विश्रांती! हाडासाठी व्यायाम आखायला एखाद्या शास्त्रज्ञाला बसविले असते, तर त्याने याहून फार वेगळे काही आखले नसते. आपल्या माळशिरस तालुक्याला लागूनच सातारा जिल्ह्याचा माण तालुका आहे. तेथल्या मोही गावची ललिता बाबर शाळेत असताना धावण्याबरोबर खो-खोही खेळत असे. ३,००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याची शर्यत, तिने पंचविशीत, २०१४ साली हाती घेतली आणि त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचली. १९८४ मध्ये पी. टी. उषाने ती मजल मारल्यानंतर ऑलिंपिकच्या धावपट्टीवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिलीच भारतीय स्त्री.

याच शर्यतीतला आपल्याकडचा दुसरा धावपटू म्हणजे बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे. जन्म १९९४ चा. बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचिनच्या बर्फातही राहिला. क्रॉस-कंट्री शर्यतींत उतरला तो २०१५ मध्ये आणि स्टीपलचेसकडे वळला २०१७ मध्ये, बावीस-तेवीसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी भुवनेश्वर येथे त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांची नोंद करून गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२४ मध्ये पॅरिसला त्याने ती वेळ ८ मिनिटे ९.९१ सेकंदांपर्यंत खाली आणली.

येथे तुमच्यातला एखादा चिकित्सक हात वर करील: "सर, अविनाश साबळे तर लहानपणापासून सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-धावत जायचा. मग तो लवकर सुरू केलेला सरावच नाही का?"

शंका रास्त आहे. पण दोन्हींतला फरक पाहा. शाळेला जाणारे पोर कंटाळले की चालते, चिंच दिसली की थांबते, उशीर झाला की धावते. हातात घड्याळ घेऊन मागे कोणी नसते. पाय मातीवर, खाचखळग्यांवर वेगवेगळ्या कोनांत पडतो. आणि एका माणसावरून सिद्धांत मांडता येत नाही, हेही लक्षात ठेवा. दुष्काळी भागातील हजारो मुले तशीच शाळेत गेली आणि ती विक्रमवीर झाली नाहीत. हाच नियम माझ्या बाजूच्या उदाहरणांनाही लागू आहे: दोन धावपटू उशिरा वळले यावरून उशिरा वळणे श्रेष्ठ असे सिद्ध होत नाही. लवकर न वळताही तेथवर पोहोचता येते, एवढेच त्यातून कळते. आपल्या मित्राला जी घाई वाटत होती, ती दूर करायला एवढे पुरे आहे.

उलट टोकाचे उदाहरण ओडिशातले आहे. मे २००६ मध्ये चार वर्षांच्या बुधिया सिंगला पुरी ते भुवनेश्वर या मार्गावर ६५ किलोमीटर धावविण्यात आले. सात तासांहून अधिक वेळ, तेही मे महिन्यात. देशभर त्याचे नाव झाले, पाठोपाठ शासनाने त्याच्या अशा धावण्यावर बंदी घातली. मोठेपणी धावण्याच्या शर्यतींत त्याचे नाव पुढे आले नाही. त्याचे कारण एकच होते असे म्हणता येणार नाही. पण चौथ्या वर्षीच्या ६५ किलोमीटरनी त्याला पुढे नेले नाही, हे तर उघड आहे.

उन्हाचे गणितही येथेच करून टाकू. ३६ किलोच्या मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ, दर किलो वजनामागे, ६४ किलोच्या माणसापेक्षा सुमारे एकवीस टक्के जास्त असते. (६४ भागिले ३६ याचे घनमूळ काढून पाहा.) थंड हवेत हे सोयीचे. परंतु आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो आणि त्वचा असते सुमारे ३५ अंशांवर. उष्णता तेव्हा बाहेरून आत येते, आणि जास्त क्षेत्रफळ म्हणजे जास्त मोठे दार! त्यात मुलांना घामही मोठ्यांपेक्षा कमी येतो. उन्हाळ्यात दिवस वर आल्यावर धावू नये, एवढे पुरे.

घड्याळ काय सांगते, काय सांगत नाही

आपल्या मित्राचा सर्वांत भक्कम मुद्दा वेगळाच होता. "सर, वर्षभरात सोळाशे मीटरची माझी वेळ कितीतरी कमी झाली. सराव लागू पडला ना?"

सराव थोडा लागू पडला असेल. पण त्याच वर्षात त्याचे पाऊल लांब झाले, हृदय मोठे झाले, रक्त वाढले. शिवाय लहान मूल त्याच वेगाने धावायला दर किलो वजनामागे मोठ्या माणसापेक्षा जास्त प्राणवायू खर्च करते आणि वयाबरोबर हा खर्च आपोआप उतरत जातो. म्हणजे सराव न करताही वेळ सुधारलीच असती. कशाने किती, हे वेगळे काढायचे तर तसाच दुसरा मुलगा, सराव न करणारा, तुलनेला घ्यावा लागेल. प्रयोगशाळेत आपण यालाच नियंत्रण म्हणतो. पालक आणि प्रशिक्षक नेमके हेच विसरतात.

वर्गात तुमच्याच भोवती पाहा. आठवीतल्या एकाला मिसरूड फुटलेले असते, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. दाखल्यावरचे वय एकच, शरीराच्या वयात दोन-तीन वर्षांचे अंतर. चौदा वर्षांखालील स्पर्धेत पहिला कोण येणार? दोन वर्षांनी दुसरा मुलगा वाढतो आणि पहिल्याचा हुकमी विजय संपतो. त्या वेळी पहिला 'मी संपलो' असे समजून खेळ सोडतो आणि दुसऱ्याने 'आपल्याला जमत नाही' म्हणून तो आधीच सोडलेला असतो. दोन्ही मुले हातची जातात. शिक्षकांनी यावर जरूर विचार करावा.

१९९९ ते २०१७ या काळात अठरा वर्षांखालील मुलांची जागतिक मैदानी स्पर्धा भरत असे. तिच्यात धावण्याची सर्वांत लांब शर्यत ३,००० मीटरची होती. मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये अठरा वर्षे पुरी झाल्याशिवाय भाग घेता येत नाही. आपल्या मित्राला तेराव्या वर्षी दहा किलोमीटर कोणासाठी हवे होते? सैन्यभरतीचे किमान वय साडेसतरा आहे आणि तेथेही धावायचे सोळाशे मीटरच.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सुचविले की, बहुतेक खेळांत एकाच खेळाला वाहून घेण्याचा निर्णय पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावा, आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी आणि वर्षातून एकूण तीन महिने त्या खेळापासून दूर राहावे. आणखी एक सोपा ठोकताळा डॉक्टर वापरतात: ठरवून केलेल्या सरावाचे आठवड्याचे तास वयाच्या वर्षांहून अधिक नसावेत. मला वाटते, डांबरी रस्त्यावरच्या नुसत्या धावण्याला तेवढे तासही फार होतील.

मुलींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. धावण्यात खर्च होणारी ऊर्जा अन्नातून भरून निघाली नाही, तर शरीर काटकसर करू लागते आणि पाळी अनियमित होते किंवा थांबते. ही सोय नसून धोक्याची सूचना आहे. त्याच वेळी हाडेही विरळ होऊ लागतात. आईला सांगा, डॉक्टरांना दाखवा. बारीक राहण्यासाठी भाकरी कमी करू नका. ज्वारीची भाकरी, डाळ, दूध आणि आपली शेंगदाण्याची चटणी पोटभर खाऊन धावणारी मुलगीच दीर्घकाळ धावेल.

आपल्या मित्राला डॉक्टरांनी धावणे सोडायला सांगितले नाही. दुखणे उतरेपर्यंत विश्रांती, मग आठवड्यात तीन दिवस, मातीच्या मैदानावर, थोडे थोडे. उरलेल्या दिवशी तो शाळेच्या खो-खो संघात जातो. पहिले काही दिवस भाऊ रुसला होता.

मी त्याला एक प्रयोग दिला आहे, तो तुम्हीही करा. घराच्या दाराच्या चौकटीला टाच लावून उभे राहा, डोक्यावर वही आडवी धरा आणि पेन्सिलीने खूण करा. मात्र वेळ पाळा. सकाळी उठल्यावर आपण असतो त्यापेक्षा संध्याकाळी सुमारे एक सेंटीमीटरने बुटके असतो, कारण मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात. ऐन वाढीच्या काळातही महिन्याची वाढ सात-आठ मिलीमीटरच असते, म्हणजे मोजमापाची चूक खऱ्या वाढीहून मोठी होऊ शकते! म्हणून दर महिन्याला पहिल्या रविवारी सकाळी, उठल्याबरोबर खूण करा आणि तीन महिन्यांचा फरक एकत्र घ्या. तो दोन सेंटीमीटरच्या वर गेला, की ती तिमाही अंतर वाढविण्याची नाही असे समजा. त्या मुलाच्या चौकटीवर जानेवारीपासून चार खुणा झाल्या आहेत. पहिली आणि चौथी यांच्यामध्ये २३ मिलीमीटर अंतर आहे.